झायलोकेनची टेस्ट करता, पण पेशंटचं वजन करता का? लोकल इंजेक्शन सुरक्षित द्यायची पद्धत, पायरी पायरीने

लोकल, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं इंजेक्शन (बहुतेक वेळा झायलोकेन, औषधाचं नाव लिग्नोकेन), देऊन टाके घालणं, गळू फोडणं, नखुरडं काढणं, एखादी गाठ काढणं, ही कामं रोज शेकडो छोट्या क्लिनिकमध्ये होतात आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणूनच पद्धतीत ढिलाई येते. मी भूलतज्ज्ञ आहे. इंटर्न, नवीन एमओ (मेडिकल ऑफिसर), डेंटिस्ट, सिस्टर सगळ्यांकडून एकाच चुका पुन्हा पुन्हा होताना बघतो आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे हातावर ०.१ एमएलची टेस्ट करायची, फोड आला नाही की "पेशंट सेफ आहे" असं ठरवायचं आणि मग वजन न विचारता सिरिंज भरून टोचत सुटायचं. ॲलर्जी क्वचित होते. माणूस दगावतो तो जास्त डोसमुळे किंवा औषध थेट रक्तवाहिनीत गेल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी त्या टेस्टमध्ये दिसतच नाहीत.

हा लेख रजिस्टर्ड डॉक्टर आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्टाफसाठी आहे. पेशंटनेही वाचावा, म्हणजे निदान काय सांगायचं आणि काय विचारायचं ते कळेल, पण वाचून घरी कुणी स्वतःला किंवा शेजाऱ्याला टोचायला जाऊ नये.

१. आधी तोंडाने विचारा, मग सुई

"कशाची ॲलर्जी आहे का?" एवढंच विचारलं की पेशंट "नाही" म्हणतो आणि फाईलमध्ये टिक होते. असं नाही विचारायचं. असं विचारा: "काका, आधी कधी दात काढलाय का, टाके पडलेत का, तेव्हा इंजेक्शन दिल्यावर काय झालं?" मग खरी गोष्ट बाहेर येते. कुणी म्हणतं चक्कर आली, कुणी म्हणतं छातीत धडधड झालं, कुणी म्हणतं अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागला. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा भीतीच्या किंवा ॲड्रेनालीनच्या (रक्तवाहिन्या आवळायला लोकलमध्ये मिसळतात ते) असतात. तिसरी ऐकली की थांबायचं आणि त्या पेशंटला ॲलर्जीची नीट तपासणी होईल अशा ठिकाणी पाठवायचं, "बघू थोडं देऊन" करायचं नाही.

याशिवाय हे विचाराच:

- हार्टचा त्रास, ठोके अनियमित, हार्ट ब्लॉक, पेसमेकर, अँजिओप्लास्टी
- लिव्हरचा आजार (लिग्नोकेन लिव्हरमध्येच फुटतं, लिव्हर खराब असेल तर ते अंगात जास्त वेळ राहतं)
- बीटा ब्लॉकर चालू आहे का, विशेषतः प्रोप्रानोलॉल, कारण त्याने लिग्नोकेन शरीरातून हळू बाहेर पडतं आणि ॲड्रेनालीनवालं दिलं तर बीपी एकदम चढू शकतं
- रक्त पातळ करायच्या गोळ्या
- फिट येतात का
- डिप्रेशनच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, म्हणजे ॲमिट्रिप्टिलीन वगैरे, असतील तर ॲड्रेनालीन जपून
- आज आधीच कुठे लोकल दिलंय का (दुसऱ्या दवाखान्यातून रेफर झालेला पेशंट असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे १० एमएल देऊन झालेलं असतं आणि चिठ्ठीवर एक अक्षर नसतं)

गरोदर बाईला लिग्नोकेन गरज असेल तर देता येतं, घाबरून तसेच टाके घालायची गरज नाही.

उपाशी राहायचं का, हा प्रश्न पेशंट हमखास विचारतात. साध्या लोकलसाठी गरज नसते, उलट रिकाम्या पोटी आलेला, घाबरलेला, त्यात शुगरची गोळी घेतलेला माणूस टेबलावर पांढरा पडतो. हलकं खाऊन या म्हणून सांगा. झोपेचं इंजेक्शनही देणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे उपाशीच लागतं.

२. वजन करा. अंदाज नको

अख्ख्या लेखातली हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. वजनकाटा बाहेर रिसेप्शनपाशी असतो, पेशंट आत टेबलावर झोपलेला असतो, कोण उठवणार. पण गणित वजनावरच आहे, त्यामुळे उठवा.

आधी टक्क्याचं एमजी करायला शिका. टक्क्याला दहाने गुणा, एका एमएलमध्ये तेवढे एमजी. १ टक्का म्हणजे १० एमजी, २ टक्के म्हणजे २० एमजी, बुपिव्हॅकेन (जास्त वेळ टिकणारं दुसरं लोकल) ०.५ टक्के म्हणजे ५ एमजी. हे पाठ असलंच पाहिजे, रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट आल्यावर मोबाईल शोधत बसता येत नाही.

मग मर्यादा:

- साधं लिग्नोकेन: किलोला जास्तीत जास्त ४.५ एमजी आणि कितीही जाड माणूस असला तरी एकूण ३०० एमजीच्या वर नाही. बरेच जण किलोला ३ एमजीच धरतात, छोट्या क्लिनिकसाठी मीही तेच सांगतो.
- ॲड्रेनालीनसोबत लिग्नोकेन: किलोला ७ एमजी, एकूण ५०० एमजीच्या आत.
- बुपिव्हॅकेन: किलोला २ एमजी. हे हृदयावर लिग्नोकेनपेक्षा बरंच कडक आहे आणि यातून आलेला कार्डिॲक अरेस्ट लवकर परत येत नाही. टाके घालायला याची गरज काय, हे आधी स्वतःला विचारा.

आता प्रत्यक्ष आकडे. ६० किलोचा माणूस, साधं २ टक्के: किलोला ३ धरलं तर १८० एमजी, म्हणजे ९ एमएल. ४.५ धरलं तरी १३.५ एमएल. त्याच माणसाला ॲड्रेनालीनवालं २ टक्के २१ एमएलपर्यंत जातं. ४० किलोच्या आजी, साधं २ टक्के: ३ ने फक्त ६ एमएल. आणि १० किलोचं पोर, कपाळ फुटलंय, रडतंय, आईपण रडतेय, घाईघाईत ५ एमएलची सिरिंज २ टक्क्याने पूर्ण भरून टोचली तर १०० एमजी गेले, म्हणजे किलोला १०. त्याची मर्यादा ३ ने १.५ एमएल आणि ४.५ ने सव्वादोन एमएल आहे. हा फरक डोळ्यासमोर ठेवा, कारण लहान मुलांत चूक इथेच होते, सिरिंज नेहमीचीच उचलली जाते.

म्हातारी माणसं, लिव्हर किंवा हार्ट खराब असलेले, अगदी लहान बाळं, यांना मर्यादेपेक्षाही कमी द्या. जाड माणसात काट्यावरचं वजन न धरता उंचीप्रमाणे जे असायला हवं ते धरा.

दोन औषधं एकत्र करून दिली तर मर्यादा दोन होत नाहीत. "लिग्नोकेन लवकर लागेल, बुपिव्हॅकेन जास्त वेळ टिकेल, दोन्हीचा फुल डोस देऊ" असं करणारे लोक आहेत. विष एकमेकांत मिळतं. लिग्नोकेनची अर्धी मर्यादा वापरलीत तर बुपिव्हॅकेनचीही अर्धीच उरली. आणि १० टक्के स्प्रे मारला असेल तर प्रत्येक पंपाला १० एमजी, तेही याच हिशोबात येतं, घशात दहा पंप मारले की १०० एमजी झाले.

> चेक: बोर्डवर किंवा पेशंटच्या कागदावर तीन गोष्टी लिहा. वजन, जास्तीत जास्त एमजी, जास्तीत जास्त एमएल. हे लिहून होईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही.

३. बाटली वाचा, रंगावरून ओळखू नका

झायलोकेन म्हटलं की कपाटातून जी बाटली हाताला लागेल ती येते. पण त्या कपाटात २ टक्के साधं, २ टक्के ॲड्रेनालीनसोबत, ४ टक्के टॉपिकल (हे लावायचं असतं, टोचायचं नसतं), ५ टक्के हेवीचे (पाठीच्या मणक्यात द्यायचे) ॲम्प्यूल, जेली, स्प्रे असं सगळं असतं. ४ टक्क्याची बाटली इंजेक्शनच्या बाटलीसारखीच दिसते आणि तिच्यातून ५ एमएल भरले की २०० एमजी झाले, म्हणजे ठरवल्याच्या बरोबर दुप्पट. टॉपिकलची बाटली इंजेक्शनच्या कपाटात ठेवूच नका, वेगळ्या खणात ठेवा, विषय संपला.

ॲड्रेनालीनचा आकडाही वाचा. १:२,००,००० म्हणजे एमएलला ५ मायक्रोग्रॅम, डेंटलमध्ये चालणारं १:८०,००० म्हणजे एमएलला १२.५. दाताच्या १.८ एमएलच्या कार्ट्रिजमध्ये २ टक्क्याचं ३६ एमजी लिग्नोकेन आणि साडेबावीस मायक्रोग्रॅम ॲड्रेनालीन असतं. हार्टच्या पेशंटला ॲड्रेनालीन एकूण ४० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे अशी दोन कार्ट्रिजही पूर्ण बसत नाहीत.

ॲड्रेनालीनवाल्या बाटलीतलं औषध गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. तारीख बघा. बाटली कधी उघडली ते लेबलवर लिहिलेलं नसेल तर ती कधीची आहे कुणालाच माहीत नसतं, अशी बाटली वापरू नका. उघडलेली मल्टीडोस बाटली २८ दिवसांच्या पुढे नाही, कंपनीने त्याहून कमी सांगितलं असेल तर तेवढंच.

> थांबा: बाटलीच्या रबरात एक सुई कायमची टोचून ठेवायची आणि प्रत्येक वेळी नुसती सिरिंज लावून औषध काढायचं, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे. बंद करा. ती सुई म्हणजे जंतूंना उघडं दार आहे. दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज, रबरावर स्पिरिट लावून ते वाळू द्यायचं आणि मग टोचायचं. पेशंटला लावलेली सिरिंज तर कधीही, "फक्त थोडंसंच अजून" म्हणूनही, परत बाटलीत जाता कामा नये. सुई बदलली तरी नाही.

४. टेस्ट डोसचं काय करायचं

करायची की नाही यावर वाद आहेत आणि तुमच्या हॉस्पिटलचा नियम असेल तर पाळा. पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे माहीत असू द्या. निगेटिव्ह आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही असं नाही. पॉझिटिव्ह दिसली तर ती बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे मिथाइलपॅराबेनची असू शकते, किंवा नुसती सुईची लाली. आणि विषबाधेशी तिचा काडीचा संबंध नाही. टेस्ट करायचीच असेल तर पुढच्या पायरीतलं सगळं सामान आधी तयार ठेवून करा. मी तर असं पाहिलंय की टेस्ट बाहेर बाकावर बसवून करतात आणि ऑक्सिजन आत कुलपात असतो.

५. सामान लावा, आणि चालतंय का बघा

ट्रेमध्ये काय लागतं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. सुई बारीक घ्या, २६ किंवा त्याहून बारीक. महत्त्वाचं ते बाजूचं सामान:

ऑक्सिजन सिलिंडर भरलेला, आणि त्याची चावी सिलिंडरलाच बांधलेली. हे लिहावं लागतंय कारण सिलिंडर असतो, मास्क असतो आणि चावी कुठंय ते फक्त सुट्टीवर गेलेल्या वॉर्डबॉयला माहीत असतं. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मोठ्यांचा आणि लहानांचा मास्क. सक्शन. पल्स ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन. आयव्ही कॅन्युला, सलाईन. ॲड्रेनालीन, ॲट्रोपीन, मिडाझोलाम. मोठा डोस लागणार असेल, म्हणजे मर्यादेच्या अर्ध्याच्या वर, तर सुरुवातीलाच कॅन्युला टाकून ठेवा, फिट आलेल्या माणसाची शीर शोधणं फार अवघड असतं.

२० टक्के लिपिड इमल्शन (लोकलच्या विषबाधेवर शिरेतून द्यायचा उतारा) तुमच्याकडे नसेल, बहुतेक छोट्या क्लिनिकमध्ये नसतंच, पण जवळच्या कुठल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे आणि तिथला नंबर काय, हे आजच शोधून भिंतीवर चिकटवा.

६. औषध भरणं

त्वचेला बधिर करायला २ टक्के लागत नाही, १ टक्का भरपूर होतो. जखम लांब असेल तर २ टक्क्यात तेवढंच नॉर्मल सलाईन घालून १ टक्का करा, १० एमएल अधिक १० एमएल, म्हणजे २० एमएल पसरायला मिळतात आणि एमजी तेवढेच राहतात. डिस्टिल्ड वॉटरने पातळ करू नका, जास्त झोंबतं.

ॲड्रेनालीन हाताने मिसळायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, तयार बाटली विकत घ्या. अगदीच करावं लागलं तर २० एमएलमध्ये १:१००० वालं ०.१ एमएल, त्याने १:२,००,००० होतं. हे ०.१ एमएल १ एमएलच्या साध्या सिरिंजनेच मोजा. इन्सुलिन सिरिंजने मोजायला गेलात तर लाल टोपीची ४० युनिटची असेल तर ०.१ एमएल म्हणजे ४ युनिट आणि केशरी टोपीची १०० युनिटची असेल तर १० युनिट. लाल सिरिंजवर १० युनिट घेतले तर ॲड्रेनालीन अडीच पट गेलं, आणि पेशंटचं बीपी २०० च्या वर का गेलं म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

झोंबणं कमी करायला साध्या लिग्नोकेनच्या १० एमएलमध्ये १ एमएल सोडाबायकार्ब घालतात. घातलं तर लगेच वापरा, ठेवून देऊ नका, आणि बुपिव्हॅकेनमध्ये घालू नका, गुठळ्या होतात.

भरलेल्या सिरिंजला लेबल लावा. चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं तरी चालेल. टेबलावर सलाईनची सिरिंज, लोकलची सिरिंज, कधी धुवायला ठेवलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं पाण्यासारखंच दिसतं. लोकल वाटीत ओतून तिथून भरायची सवय असेल तर ती आधी सोडा, शेजारच्या वाटीत स्पिरिट असलं की काय होईल याचा विचार करा.

७. टोचायच्या आधीचे दोन मिनिट

बोट कापलंय, लगेच लोकल दिलं, टाके घातले, आणि दोन दिवसांनी पेशंट परत येतो की बोटाच्या टोकाला कळतच नाही. आता ती नस सुरीने कापली की सुईने दुखावली, कोण सांगणार? म्हणून आधी स्पर्श कळतोय का बघा, बोट वाकतं का आणि सरळ होतं का बघा, नखावर दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदात परत येतो का बघा, लिहा, आणि मगच सुई.

पेशंट झोपवा. बसवून, उभं ठेवून टोचायचं नाही, धडधाकट पैलवानसुद्धा सुई बघून कोसळतात आणि मग डोकं फुटतं ते वेगळंच. कुठली बाजू, कुठलं बोट, ते पेशंटच्या तोंडून वदवून घ्या.

ॲड्रेनालीनवालं बोटात, अंगठ्यात, लिंगावर देऊ नका. हाताचे सर्जन ते बोटात सर्रास वापरतात आणि तब्येतीने ठीक असलेल्या माणसात ते सुरक्षित आहे असंच त्यांचं काम दाखवतं, पण त्यांना त्याचा उतारा, म्हणजे फेन्टोलामीन, कसा द्यायचा ते माहीत असतं. तुमच्याकडे तो नसेल तर साधंच वापरा. डायबेटिसमुळे पायाचं रक्त कमी झालेल्या पेशंटच्या बाबतीत तर विचारसुद्धा करू नका.

८. टोचणं

१. सांगा. "आता थोडं झोंबेल, हात हलवू नका." न सांगता टोचलं की झटका बसतो आणि सुई तुमच्याच बोटात जाते.

२. स्वच्छ ताजी जखम असेल तर सुई जखमेच्या कडेच्या आतून घाला, वरच्या चामडीतून घालण्यापेक्षा कमी दुखतं. घाण जखमेत मात्र बाजूच्या स्वच्छ चामडीतूनच.

३. आत गेल्यावर पिस्टन मागे ओढा. रक्त आलं तर सुई काढा, जागा बदला. रक्त आलं नाही म्हणजे आपण नक्की शिरेत नाही असंही नाही, बारीक सुईत कधी कधी रक्त येत नाही, म्हणून पुढचा नियम.

४. थोडं थोडं द्या. ३ ते ५ एमएल द्या, थांबा, पेशंटशी बोला, परत ओढून बघा, परत द्या. सुई हलवली की परत ओढून बघायचं. लहान मुलांत याहून बरंच कमी कमी.

५. हळू द्या. भसकन दाबलं की जास्त दुखतं, आणि शिरेत असेल तर सगळं एकदम जातं.

६. बोलत राहा. हा वायफळपणा नाही, हाच तुमचा मॉनिटर आहे. "मावशी, गाव कुठलं, मुलं किती" विचारत राहा. जीभ जड झाली, उत्तरं अडखळली, तर मशीनच्या आधी तुम्हाला कळेल.

बोटाच्या रिंग ब्लॉकला (बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी देऊन अख्खं बोट बधिर करणं) मोठ्या माणसात दोन्ही बाजू मिळून ३ ते ४ एमएल पुरे. जास्त भरलं की बोट फुगतं आणि औषधाच्या दाबानेच रक्त अडतं, ॲड्रेनालीन नसलं तरी. डोक्याच्या चामडीत आणि बरगड्यांच्या मध्ये रक्त खूप असतं, तिथून औषध पटकन शोषलं जातं, तिथे मर्यादेच्या बरंच खाली राहा. हेअर ट्रान्सप्लांटवाल्यांनी हे दोनदा वाचावं, कारण तिथे तासन् तास थोडं थोडं चालू असतं आणि एकूण किती गेलं हे कुणी लिहीत नाही. प्रत्येक सिरिंज रिकामी झाली की बोर्डवर रेघ मारा.

> थांबा: पू भरलेल्या गळवात लोकल नीट लागत नाही. सुजलेली जागा आम्लधर्मी असते, औषध नसांपर्यंत पोचत नाही. मग "अजून दुखतंय", "अजून द्या" करत करत १५ एमएल जातात. गळवाच्या आत भरू नका, भोवतीने द्या, आणि तरी लागलं नाही तर पेशंटला वरच्या ठिकाणी भुलीखाली करायला पाठवा. यात कमीपणा काही नाही.

९. वाट बघा

टोचलं की लगेच चिमटा, हे नको. लिग्नोकेनला २ ते ५ मिनिटं द्या, ॲड्रेनालीनमुळे रक्त कमी व्हायला साधारण १० मिनिटं. बुपिव्हॅकेनला अजून जास्त. सगळ्यात जास्त फालतू डोस दिला जातो तो याच पाच मिनिटांत, कारण सर्जनला घाई असते, पेशंट ओरडतो आणि सिस्टर दुसरी सिरिंज भरून उभी असते. घड्याळ बघा. आणि पेशंटला आधीच सांगा की दाबल्याचं, ओढल्याचं कळेल, टोचल्याचं कळणार नाही, नाहीतर तो दाबल्यालाच दुखणं म्हणतो आणि तुम्ही अजून देता.

परत द्यायची वेळ आली तर बोर्डवरचा आकडा बघून. मर्यादा संपली असेल तर संपली.

१०. काहीतरी बिघडतंय असं वाटलं तर

आधी काय झालंय ते ओळखा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

- भीतीची चक्कर: पांढरा पडतो, घाम, मळमळ, नाडी मंद. झोपवा, पाय वर करा, काही मिनिटांत ठीक होतो.
- ॲड्रेनालीनचा परिणाम: धडधड, हात थरथर, बीपी वर, पण शुद्ध व्यवस्थित. थांबा, धीर द्या, थोड्या वेळात उतरतं. छातीत दुखलं तर ईसीजी.
- ॲलर्जी: गांधी, ओठ आणि डोळे सुजणं, घरघर, बीपी खाली. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालीन ०.५ एमजी, म्हणजे १:१००० चं ०.५ एमएल, लहानांना किलोला ०.०१ एमजी. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन (ॲलर्जीची नेहमीची इंजेक्शनं) नंतर, ॲड्रेनालीन आधी. इथे उलट क्रम लावणारे फार आहेत.
- औषधाची विषबाधा: तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, डोकं हलकं, बडबड किंवा एकदम गप्प होणं, बोलणं अडखळणं, स्नायू फडफडणं, मग फिट, मग ठोके बिघडणं. कधी कधी आधीची लक्षणं न येता थेट फिट किंवा अरेस्ट. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत, पण अर्ध्या तासाने किंवा त्याहून उशिराही येऊ शकतं.

विषबाधा वाटली की क्रम असा:

१. टोचणं थांबवा. मदतीला हाक मारा, एकाने १०८ लावा आणि एकाने लिपिडसाठी तो भिंतीवरचा नंबर.

२. श्वास सांभाळा, १०० टक्के ऑक्सिजन, गरज पडली तर अंबू. ऑक्सिजन कमी झाला की विष अजून चढतं, त्यामुळे हे पहिलं.

३. फिट आली तर मिडाझोलाम शिरेतून थोडं थोडं. प्रोपोफॉलचा (भुलीचं इंजेक्शन) मोठा डोस देऊ नका, बीपी पाडतं. तेही पांढरं, लिपिडही पांढरं, म्हणून एकाऐवजी दुसरं चालेल असं काही जणांना वाटतं. नाही चालत.

४. लिपिड २० टक्के: ७० किलोच्या आतल्याला किलोला १.५ एमएल २ ते ३ मिनिटांत, मग किलोला ०.२५ एमएल दर मिनिटाला. ६० किलोला ९० एमएल आणि नंतर मिनिटाला १५ एमएल. ७० च्या वर असेल तर १०० एमएल २ ते ३ मिनिटांत आणि मग २०० ते २५० एमएल १५ ते २० मिनिटांत. एकूण किलोला १२ एमएलच्या आत.

५. हृदय थांबलं तर सीपीआर, आणि लवकर सोडू नका, हे पेशंट खूप उशिराही परत येतात. ॲड्रेनालीन इथे नेहमीच्या १ एमजीने नाही, किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत. ठोके बिघडले म्हणून लिग्नोकेन तर अजिबात देऊ नका. हसू येईल, पण अरेस्टच्या गोंधळात हे होतं.

६. सावरला तरी घरी नाही. नुसती फिट वगैरे असेल तर किमान २ तास, हृदयाला त्रास झाला असेल तर ४ ते ६ तास मॉनिटरवर.

११. घरी पाठवताना

मर्यादेच्या जवळ डोस गेला असेल तर अर्धा तास तरी बसवून ठेवा, बाहेर चहाच्या टपरीवर नाही, नजरेसमोर. दाताचं इंजेक्शन झालेल्या लहान मुलांच्या आईला सांगा की दोन-तीन तास गाल आणि ओठ चावतो का बघा, मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ भजीएवढा सुजलेला असतो. मोठ्यांना बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नको, शेक नको. पायाला दिलं असेल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही किंवा बोट पांढरं, निळं, थंड पडलं तर लगेच परत.

कागदावर औषधाचं नाव, टक्के, ॲड्रेनालीन होतं की नाही, एकूण एमएल आणि एमजी, वेळ, आणि पेशंटला काही झालं का, एवढं लिहून द्या. पुढच्या डॉक्टरला याचाच उपयोग होतो, "लोकल दिलं" या दोन शब्दांचा होत नाही.

सुई पुन्हा टोपीत घालायची नाही, कटरने कापून पांढऱ्या डब्यात. सिरिंज लाल पिशवीत. काचेची रिकामी बाटली निळ्या डब्यात. सिरिंजमध्ये उरलेलं औषध "पुढच्या पेशंटला लागेल" म्हणून ट्रेमध्ये झाकून ठेवायचं नाही, पेशंट टेबलावरून उतरायच्या आत ते टाकलेलं असलं पाहिजे.